बटणं जरा हळू दाबा

माणसाला एकेक खोड असते. याची खोड अशी, की उघडायला पहिला आणि मिटायला शेवटचा. कपाट उघडलं की उघडंच. बरणी ओट्यावर तर झाकण खिडकीत. ड्रॉवर पुढे आलेला, त्यावर येणाऱ्याजाणाऱ्याचे गुडघे आपटतायत आणि हा खुर्चीत बसून वाचतोय. लहानपणी आई ओरडायची, "अरे, मागं शेपूट राहिलंय का, दार लावायला एवढं जड जातं ते?" लग्न झाल्यावर ओरडण्याचं खातं बायकोकडे गेलं. ती म्हणायची, "तुमच्यामागून झाकणं लावता लावता माझा जन्म जाणार." तो हसायचा. हसून वेळ मारून न्यायची कला त्याला उपजतच होती, आणि सगळं वाटोळं झालं ते तिथेच. पण ते पुढे येईलच.

तो चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता. खालच्या मजल्यावर यंत्रं, पाण्याच्या धारा, पांढरा चिखल, आणि सतत घर्रघर्र. वरच्या मजल्यावर नोंदणीची खोली. गावोगावच्या दुकानांतून चिठ्ठ्या यायच्या, उजवा डोळा इतका, डावा इतका, काच अमुक जाडीची. त्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरात भरायच्या आणि खाली छापील कागद जायचा. हा कारखान्यातला एकुलता एक प्रोग्रामर. सगळे त्याला 'कॉम्प्युटरवाले' म्हणत. नोंदणीचा अख्खा प्रोग्राम त्यानं एकट्यानं सी भाषेत आठ महिने खपून लिहिला होता. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, ना चित्र ना माउस. बाणाच्या बटणानं एका चौकटीतून दुसरीत जायचं आणि आकडा टाकायचा, बस्स.

अशी अक्षरांची स्क्रीन चालवायची एक रीत असते. सुरुवातीला एक आज्ञा देऊन आख्खी स्क्रीन आपल्या ताब्यात घ्यायची. मग टाइप केलेलं अक्षर आपोआप दिसत नाही, प्रोग्राम दाखवेल तेव्हाच दिसतं. आणि काम संपलं की 'एंडविन' नावाची दुसरी आज्ञा द्यायची, म्हणजे स्क्रीन होती तशी परत मिळते. भाड्याच्या खोलीसारखंच आहे, सोडताना किल्ली परत द्यायची. प्रोग्राममधून बाहेर पडायला जेवढ्या वाटा असतील तेवढ्या प्रत्येक वाटेवर ही आज्ञा हवी. एक वाट जरी सुटली, आणि प्रोग्राम नेमका त्या वाटेनं बाहेर पडला, की झालं. स्क्रीन मुकी. तुम्ही बटणं बडवत बसा, अक्षर म्हणून उमटणार नाही.

आता, ज्याला बरणीचं झाकण लावायची सवय नाही त्याच्या हातून एखादी वाट सुटणार नाही तर काय होणार? सुटली. पण चुका कोणाच्या होत नाहीत? त्यासाठी कोणी कोणाला फासावर देत नाही. लाज वाटावी असं जे घडलं ते चुकीनंतर घडलं.

नोंदणीच्या खोलीत तीन टर्मिनल होती, म्हणजे एकेक स्क्रीन आणि तिच्यापुढे बटणं. एकावर सदा शिंकणारी एक मुलगी, दुसऱ्यावर एक लठ्ठ गृहस्थ, आणि खिडकीजवळच्या तिसऱ्यावर बाई. बाईंना सगळे नुसतं 'बाई'च म्हणत. टाइपरायटरवर वीस वर्षं काढून त्या इथं आलेल्या. बटणांकडे त्या कधी बघायच्या नाहीत. नजर चिठ्ठीवर आणि बोटं आपली खालती धाडधाड धावतायत. जिन्यात असतानाच ऐकू यायचं की बाई कामाला बसल्या. शिंकणारी मुलगी म्हणायची, "बाई, तुमच्या बोटांना जरा दम घेऊ द्या की." त्यावर बाई म्हणायच्या, "बोटं थांबली की मलाच दम लागतो गं." हाताचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा? त्या हातानं दोन लेकरं वाढवली होती.

चिठ्ठ्यांतल्या अवघड चिठ्ठ्या बाईंकडे जायच्या. फार मोठ्या नंबरच्या, तिरक्या काचांच्या, ज्यात चूक झाली तर काच फुकट जाते अशा. हे लक्षात ठेवा, कारण सगळी गोम इथं आहे. आमच्या या शहाण्यानं प्रोग्रामला एक यादी दिली होती, कोणत्या नंबरासाठी कोणती कच्ची काच वापरायची त्याची. चिठ्ठीतला नंबर त्या यादीत सापडला नाही, की प्रोग्राम तडक बंद व्हायचा. आणि नेमक्या याच वाटेवर एंडविन लिहायचं राहून गेलं होतं. असले नंबर शंभरात एखादे. ते येणार कोणाकडे? बाईंकडे.

पहिल्यांदा स्क्रीन मुकी झाली तेव्हा बाईंनी दोनचारदा बटणं दाबली आणि हाक मारली, "अहो कॉम्प्युटरवाले, हे काही बोलत नाही हो." तो आला. न दिसणाऱ्या अक्षरांत त्यानं एक आज्ञा टाकली. त्या आज्ञेचा अर्थच मुळी 'शहाण्यासारखा वाग' असा होतो. स्क्रीन शहाण्यासारखी वागायला लागली. तो म्हणाला, "होतं असं कधीकधी," आणि गेला. चारपाच दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. सहा आठवड्यांत अकरा वेळा, आणि अकराही वेळा बाईंच्याच टेबलावर. लठ्ठ गृहस्थ म्हणाले, "टर्मिनल खराब असेल." यानं टर्मिनलांची अदलाबदल केली. दोन दिवसांत बाईंच्या पुढ्यातलं नवं टर्मिनलही मुकं झालं, आणि बाईंचं जुनं तिकडे शिंकणाऱ्या मुलीच्या हाताखाली व्यवस्थित चाललेलं. झालं! खोलीत कुजबुज सुरू झाली. यंत्र चांगलं आहे, मग दोष कुठं आहे?

त्याच्या प्रोग्राममध्ये दोष असेल असं एकालाही वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही वाटलं नाही. आठ महिन्यांचं लेकरू ते, स्वतःचं लेकरू खोडकर आहे हे आईबापाला शेवटी कळतं.

सात तारखेला मोठे मालक एका बड्या दुकानदाराला घेऊन वर आले. आमची नोंदणी बघा, कसं सगळं कॉम्प्युटरवर आहे. कौतुकानं बाईंच्या मागेच उभे राहिले, कारण सगळ्यांत वेगात त्यांचे हात चालायचे. आणि बाईंनी नंबर टाकला, आणि स्क्रीन मुकी. दुकानदार हसला. मोठ्या मालकांचं तोंड लाल झालं. ते म्हणाले, "यांच्या हातालाच काहीतरी आहे. उद्यापासून यांना खाली पॅकिंगला बसवा. आधी या खोलीतून बाहेर काढा."

बाई उठल्या. चष्म्याचं घर, पाण्याची बाटली आणि पाठीशी घ्यायची छोटी उशी त्यांनी उचलली आणि त्या जिन्यानं खाली गेल्या. तो दाराशी होता. त्यानं बाजूला सरून त्यांना वाट दिली.

त्या दिवशी घरी जायच्या आधी तो प्रोग्राम उघडून बसला, आणि दुसऱ्या दिवशी, आठ तारखेला, सकाळी साडेनऊला त्याला ती वाट सापडली. एक ओळ, फक्त एक ओळ! त्यानं ती घातली, यादीत नसलेला नंबर मुद्दाम टाकून बघितला. प्रोग्राम शहाण्यासारखा बंद झाला, 'ही काच यादीत नाही' असं स्वच्छ लिहून.  चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि इथं चोर खुर्चीत बसला होता.

सवयीप्रमाणे त्यानं फाइलीच्या डोक्यावर नोंद लिहिली. प्रोग्राम लिहिणाऱ्यांची ती शिस्त असते, काय बदललं आणि कधी. तारीख टाकली आणि लिहिलं, 'काच यादीत नसेल तर बाहेर पडताना स्क्रीन परत दिली जात नव्हती. स्क्रीन मुकी व्हायची. दुरुस्त.' मग ठरवलं, जेवणाच्या सुट्टीत मालकांना सांगायचं.

पण सुट्टी व्हायच्या आधी मालकच वर आले. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय कॉम्प्युटरवाले! बघा, बाई खाली गेल्या आणि सकाळपासून एकदा तरी अडकलं का? मी म्हणत नव्हतो?" कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडावी, तसं. यानं तोंड उघडलं. आणि हसला. मूग गिळून हसला, मेला.

आता गंमत बघा. त्यानं गुपचूप केलेली दुरुस्ती हाच बाईंविरुद्धचा पुरावा झाला. त्या दिवसापासून स्क्रीन कधीच मुकी झाली नाही. अवघड चिठ्ठ्या त्या दोघांकडे गेल्या, त्यांनाही त्रास नाही. मग सिद्ध झालंच की नाही, की बाईंचाच हात वाईट? दुरुस्ती केली नसती तर निदान आठवड्याभरात लठ्ठ गृहस्थांची स्क्रीन मुकी झाली असती आणि बाई सुटल्या असत्या. एवढा विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

नऊ तारखेला बाई जिना चढून त्याच्याकडे आल्या. हात पदराला पुसत उभ्या राहिल्या, पॅकिंगच्या पुठ्ठ्याची धूळ लागली होती. म्हणाल्या, "माझं नेमकं काय चुकायचं, तेवढं सांगा. रागावू नका. मला कळलं तर मी तसं पुन्हा करणार नाही. मालकांना विचारून बघेन मग, पुन्हा वर घेतात का."

बाई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठ्या. आणि त्याच्यासमोर शाळेतल्या पोरीसारख्या उभ्या. सांगायचं होतं तर हीच वेळ होती, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण आज सांगितलं तर काल का नाही, हा प्रश्न यायचा, आणि उत्तर काय द्यायचं? म्हणून तो म्हणाला, "बाई, तुमचा जोर फार लागतो. बटणं जरा हळू दाबा."

"हळू?"

"हो. हलक्या हातानं. ही यंत्रं नाजूक असतात."

बाईंनी मान हलवली. "टाइपरायटरची सवय हो," म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत." आणि चक्क त्याचे आभार मानून खाली गेल्या.

त्यांना वर कोणी घेतलं नाही. सहा वर्षं त्यांनी खोकी भरली आणि मग निवृत्त झाल्या. जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "बरं आहे ना?" त्याला ते ऐकवेना. तो मागच्या लोखंडी जिन्यानं ये-जा करायला लागला. लोकांना वाटलं, गुडघ्यांचा व्यायाम करतो.

एकोणीस वर्षं गेली. शिंकणारी मुलगी लग्न होऊन परगावी गेली, लठ्ठ गृहस्थ वारले, मोठे मालकही गेले. धाकटे मालक गादीवर आले. त्याचा प्रोग्राम मात्र चालत राहिला, एकदाही न अडखळता. आता तोही निवृत्त व्हायला आला, आणि धाकट्या मालकांनी नवी व्यवस्था आणायची ठरवली. नव्या कंपनीकडून एक मॅडम आल्या, चाळिशीच्या, फटकळ, कामाला वाघ. जुना प्रोग्राम ओळ न ओळ समजून घ्यायचा म्हणून त्याच्याशेजारी बसल्या. तिसऱ्या दिवशी फाइलीच्या डोक्यावरची नोंद वाचून म्हणाल्या, "काका, ही स्क्रीन मुकी व्हायची भानगड काय होती? लोकांनी फार शिव्या घातल्या असतील ना तुम्हाला?"

"नाही," तो म्हणाला. "मला नाही घातल्या."

त्याच आठवड्यात धाकट्या मालकांनी त्याचा निरोप समारंभ ठरवला. जुन्या लोकांनाही बोलवायचं होतं. बाईंचं नाव निघालं तेव्हा तो म्हणाला, "त्यांना मी स्वतः जाऊन सांगतो." मनात पक्कं केलं होतं, आमंत्रण हे निमित्त, खरं ते सांगून मोकळं व्हायचं.

बाई तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहत होत्या. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली, बाकी तशाच. "अगंबाई, कॉम्प्युटरवाले!" म्हणून त्यांना खरोखरीचा आनंद झाला. सून चहा टाकायला गेली, नात जमिनीवर पसरून टीव्ही बघत होती. टीव्हीचा आवाज मोठा होता. बाईंनी रिमोट घेतला आणि आवाज कमी करायला बटण दाबलं. दाबलं म्हणजे काय, बोट टेकवलं. झोपलेल्या बाळाच्या गालाला लावावं तसं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं. पुन्हा काही नाही.

"द्या इकडे," सून स्वयंपाकघरातून येत म्हणाली. तिनं रिमोट घेऊन अंगठ्यानं आवाज खाली आणला. "आमच्या आईंच्या हातानं एक यंत्र धड चालेल तर शपथ. मिक्सर नाही, मोबाइल नाही, काही नाही."

"आजीनं हात लावला की वस्तू मरते," नात म्हणाली. सगळे हसले. बाईही हसल्या. हा घरातला जुना विनोद होता, रोजच्या चहासारखा.

"खरंच आहे ते," बाई म्हणाल्या. "माझ्या हाताला पहिल्यापासून यंत्रं लाभत नाहीत. कारखान्यात किती टर्मिनलं बिघडवली मी! हे साक्षीला आहेत, यांनाच विचारा." आणि त्यांनी त्याच्याकडे बोट केलं.

तिघीही त्याच्याकडे बघत होत्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात, पण तिसऱ्या मजल्यावर धरणी कुठली? तो हसला. पुन्हा हसला! चहाचा घोट घेतला, चटका बसला, आमंत्रण दिलं आणि उठला.

बाई लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. बटणावर त्यांनी बोट टेकवलं, दिवा लागला नाही. पुन्हा टेकवलं. मग मागे सरून म्हणाल्या, "तुम्हीच दाबा. तुमच्या हाताला लगेच लागेल." त्यानं दाबलं. लागला. बाई म्हणाल्या, "हळूच दाबते हो मी. तुम्ही सांगितलंत तेव्हापासून कधी जोर नाही केला."

घरी येऊन तो बायकोसमोर खुर्चीत कोसळला आणि त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. बायको ऐकत राहिली. हातातली बरणी तशीच, झाकण न लावता. मग म्हणाली, "आणि मी आपली समजत होते, हा माणूस फक्त बरण्या उघड्या टाकतो." तिच्या आवाजात राग होता, आणि रागाखाली काहीतरी होतं ते रागापेक्षा वाईट होतं. ती म्हणाली, "समारंभात सांगा. तिच्यासमोर, आणि सगळ्यांसमोर. तिला सगळ्यांसमोर उठवलं होतं ना? मग एकट्यात कान धरून भागायचं नाही."

शुक्रवारी दुपारी तीनला नोंदणीच्या खोलीत सगळे जमले. टेबलावर फुलांचा गुच्छ, आणि शेजारी जुनं टर्मिनल, मुद्दाम पुसून मांडलेलं. त्यावर त्याचा प्रोग्राम शेवटचा चालू होता, रिकाम्या चिठ्ठीची चौकट दाखवत. समारंभाच्या अखेरीस त्यानंच तो बंद करायचा, असं धाकट्या मालकांच्या मनात होतं. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, सुनेनं इस्त्री करून दिलेली साडी नेसून. त्याची बायको तिसऱ्या रांगेत होती, हाताची घडी घालून.

धाकटे मालक बोलायला उभे राहिले. माणूस मनानं चांगला, पण बोलायला लागला की थांबत नाही. "एकोणीस वर्षांत हा प्रोग्राम एकदा अडला नाही," ते म्हणाले. "तसं सुरुवातीला अडायचा, पण त्याला कारण आपल्या बाई!" लोक हसायला लागले. "बाईंचा हात लागला की स्क्रीन बेशुद्ध! बाबांनी त्यांना खाली पाठवलं आणि यंत्रानं सुटकेचा निःश्वास टाकला. काय बाई, खरं ना?" बाईंनी हसून तोंडाला पदर लावला आणि मान डोलावली.

मग त्याची पाळी आली. खिशात त्या नोंदीचा छापील कागद होता, घामानं ओला झालेला. त्यानं बाईंकडे बघितलं आणि म्हणाला, "बाईंचा हात चांगला होता. चूक माझी होती. प्रोग्राममधून बाहेर पडायच्या एका वाटेवर मी स्क्रीन परत द्यायला विसरलो होतो. बाईंकडे अवघड चिठ्ठ्या जायच्या म्हणून त्यांच्याकडेच स्क्रीन मुकी व्हायची. त्यांना खाली पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी मला चूक सापडली. मी दुरुस्त केली आणि गप्प बसलो. एकोणीस वर्षं गप्प बसलो."

 आता कोणीतरी उठेल, थू म्हणेल, अशी तो वाट बघत होता. थू म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण धाकट्या मालकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "बघा! याला म्हणतात मोठेपणा. जाता जातासुद्धा दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर घेतोय हा माणूस." आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"नाही हो, खरंच सांगतोय," तो म्हणाला. टाळ्या वाढल्या. त्यानं कागद काढला. "इथं तारीख आहे, बघा—" "राहू द्या हो," धाकटे मालक त्याला मिठी मारत म्हणाले, "चहा गार होतोय." मॅडम मागून ओरडल्या, "अहो, ते खरं बोलतायत! फाइलीत लिहिलंय!" पण खुर्च्या सरकल्या होत्या, कपबशा वाजत होत्या, आणि कोणाला पडलं होतं? मेल्याहून मेल्यासारखा तो तिथं उभा राहिला. खांद्यावर थापा पडत होत्या. प्रत्येक थापेसरशी त्याला वाटत होतं, ही मोठ्या मालकांचीच थाप.

टाळ्या न वाजवणाऱ्या तिघीच. मॅडम, त्याची बायको, आणि बाई.

बाई जागेवरून उठल्या आणि त्याच्यासमोर आल्या. त्यांनी कागदासाठी हात पुढे केला. लांब धरून वाचला, तारखेवर बोट ठेवलं.

"आठ तारीख," बाई म्हणाल्या. "मला सातला काढलं."

"हो."

"आणि नऊला मी वर आले होते. तुम्हाला विचारायला."

"हो, बाई."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

तो कागदाकडेच बघत राहिला. मान वर होईना. बाईंनी कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली. मग त्याला ओलांडून त्या टर्मिनलपाशी गेल्या, खुर्ची ओढली आणि बसल्या. पाठ ताठ केली. नजर स्क्रीनवर, बटणांकडे नाही. बोटं जागेवर ठेवली, पूर्वीच्याच जागेवर, आणि टाइप करायला लागल्या.

स्क्रीन रिकामीच राहिली.

 पुन्हा मुकी झाली की काय? तो धावला. पण चौकट व्यवस्थित होती, खूण लुकलुकत होती, प्रोग्राम जागा होता. मग त्यानं बाईंच्या हातांकडे बघितलं. बोटं बरोबर बटणांवर जात होती, एकही चुकत नव्हतं. नुसती टेकत होती आणि उठत होती. आठदहा अक्षरांमागे एखादं कुठं उमटायचं.

"जोरात दाबा, बाई," तो म्हणाला. "पूर्वीसारखं."

"दाबतेच आहे." त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. बोटं वर आली, खाली जाताना मात्र आपोआप मऊ झाली. बाईंनी हात मांडीवर घेतले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता होत नाही हो. एकोणीस वर्षं हळू दाबतेय. तुम्हीच सांगितलं होतं."

 या वेळी तो हसला नाही.

"माफी मागतो, बाई," शेवटी तो म्हणाला.

"माफीचं मागाहून बघू." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि शेजारची खुर्ची दाखवली. "बसा इथं. मी दाबते. अक्षर उमटलं की सांगायचं. नाही उमटलं तरी सांगायचं."

तो बसला. बाईंनी एक बोट उचललं आणि खाली आणलं.

"नाही उमटलं," तो पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा. त्यांनाही ऐकू जाऊ दे."

बाईंनी पुन्हा बोट उचललं. या वेळी दात आवळले, मनगट वर घेतलं, आणि खट्ट आवाज आला.

"उमटलं!" तो मोठ्यानं म्हणाला. कपबशा घेतलेली माणसं वळून बघायला लागली, धाकटे मालकही. कोणाला काही समजेना. बाईंनी कोणाकडेच बघितलं नाही. त्यांनी पुढच्या बटणावर बोट ठेवलं आणि तो स्क्रीनकडे बघत राहिला.